संत्र्याला ताण दिला की झाडाच्या आत जीन्सचं काय होतं?

वरूडकडच्या एका गावातला बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा विचारतोय, थोडक्यात प्रश्न असा की "पुस्तकात लिहिलंय स्ट्रेसमध्ये जीन एक्सप्रेशन बदलतं, म्हणजे जीनच बदलतो का? आमचे बाबा संत्र्याले ताण देतात तो हाच स्ट्रेस का? आणि मला प्रोजेक्टसाठी पानांचे सॅम्पल घ्यायचे आहेत, कसे घेऊ?"

मी बावीस वर्षं झाडांच्या मॉलिक्युलर बायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, माहेर दारव्हा तालुक्यातलं, घरी कोरडवाहू पऱ्हाटी आणि तूर, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण हा विषय शिकवताना आपण परदेशातल्या कुंडीतल्या रोपट्याचं उदाहरण देतो आणि आपल्या बगीच्यात बाप दरवर्षी हाच प्रयोग करतो ते विसरून जातो. उत्तर लांब होईल, वेळ काढून वाच.

आधी तुझी शंका. जीन बदलत नाही. बगीच्यातल्या झाडाच्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए ताणाआधी असतो, ताणात असतो आणि पाणी दिल्यावरही तोच असतो. आपल्या कोठ्यात वखर, डवरा, तिफन, विळे सगळं बारा महिने पडून असतं पण मृग लागला की तिफन बाहेर निघते आणि पेरणी झाली की डवरा, तसं समज. जीनची आरएनए नावाची नक्कल निघते, त्या नकलेवरून प्रोटीन बनतं आणि काम प्रोटीन करतं. कोणत्या जीनच्या किती नकला निघाल्या, त्या किती वेळ टिकल्या आणि त्यातल्या किती वाचल्या गेल्या, या सगळ्याला मिळून आपण एक्सप्रेशन म्हणतो, आणि स्ट्रेसमध्ये बदलतं ते हे.

अजून एक गोष्ट इथंच सांगून टाकते. स्ट्रेस म्हटलं की पोरांना वाटतं नवीन जीन्स "चालू" होतात, पण बंद किंवा मंद होणारे त्याहून जास्त असू शकतात. यीस्टच्या पेशींवर २००० साली फार चांगलं काम झालं होतं, उष्णता, मीठ, उपासमार असे वेगवेगळे ताण देऊन पाहिले तर सुमारे ६ हजार जीन्सपैकी ९०० च्या आसपास जीन्स जवळपास प्रत्येक ताणात सारखेच हलले, आणि त्यातले साधारण ३०० वर गेले न ६०० खाली आले. खाली येणारे बहुतेक वाढीचे, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रणा उभी करणारे. दुष्काळात घर कसं चालतं ते तुला माहीत आहे, आधी नवं बांधकाम थांबते.

आता संत्रा. तुझे बाबा आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात किंवा मृग बहारासाठी उन्हाळ्यात, हलक्या जमिनीत कमी दिवस आणि भारी काळ्या जमिनीत जास्त, मग पानं मलूल होऊन थोडी गळायला लागली की ताण बसला म्हणतात आणि पाणी सोडून ताण तोडतात. "ताण देणं" आणि "ताण तोडणं" हे दोन शब्द आपल्याकडे आहेत ही मोठी गोष्ट आहे कारण झाडाच्या आत खरंच दोन वेगळ्या गोष्टी घडतात, एकच गोष्ट कमीजास्त होते असं नाही. फ्लोरिडात मोसंबीवर्गाच्या गोड संत्र्यावर २०१३ साली हे मोजलं गेलं. पाणी तोडलेल्या झाडांत एफटी नावाच्या जीनच्या नकला वाढल्या. हा जीन फुलाचा निरोप्या आहे, त्याचं प्रोटीन पानात बनतं आणि शिरेतून चालत डोळ्यापर्यंत जातं. पण ताण चालू असेपर्यंत फूल प्रत्यक्ष घडवणारे पुढचे जीन्स, लीफी आणि एपी१, ते उलट दबलेले होते. पाणी दिलं आणि चित्र पालटलं, एफटी खाली आला न लीफी, एपी१ वर आले. म्हणजे ताणात निरोप जातो, पाणी आल्यावर त्या निरोपावर काम सुरू होतं. नुसता ताण देऊन बहार येत नाही आणि नुसतं पाणी देऊनही येत नाही, हे तुझ्या आजोबालाही माहीत होतं, फक्त जीनचं नाव त्याच्याकडे नव्हतं.

थंडीनेही एफटी वाढतो, म्हणून आंबियाला थंडी चांगली पडली की ताण थोडा कमी बसला तरी निभावून जातं आणि मृगाला मात्र सगळा भार पाण्याच्या ताणावरच असतो. आणि भारी जमिनीत ताण बसत नाही म्हणून क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं रसायन फवारतात त्याचं कारणही यातच आहे, ते जिब्रेलिन हे वाढीचं हार्मोन बनू देत नाही, आणि लिंबूवर्गात जिब्रेलिन एफटीला दाबतो.

आता पाणी कमी झालं हे पानाला कळतं कसं, कारण एक्सप्रेशन आपोआप बदलत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. मुख्य निरोप ॲबसिसिक ॲसिड या हार्मोनचा, आपण एबीए म्हणतो. याची गोष्ट आपल्या पऱ्हाटीशी जोडलेली आहे म्हणून मला फार आवडते. १९६३ साली कॅलिफोर्नियात ॲडिकॉट आणि ओकुमा यांच्या गटाने हे द्रव्य वेगळं काढलं ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून, बोंडं का गळतात हे शोधताना. नाव पण गळण्यावरूनच पडलं. पुढे कळलं की गळ होण्यात जास्त हात इथिलीन या वायुरूप हार्मोनचा असतो आणि एबीएचं खरं काम पाणी राखणं आणि बी पिकवणं हे आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

एबीए वाढला की पहिलं काम जीन्सपर्यंत जायच्या आधीच होतं, पानाची रंध्रं मिटतात, काही मिनिटांत. त्याच वेळी पेशीच्या आत एक साखळी हलते आणि ती नीट समजून घे, परीक्षेलाही येते. एसएनआरके२ नावाचे किनेज म्हणजे निरोप पुढे पाठवणारे एन्झाइम असतात, त्यांना पीपी२सी नावाचे फॉस्फटेज एरवी दाबून ठेवतात. एबीए आला की तो पीवायआर नावाच्या रिसेप्टरमध्ये बसतो आणि हा रिसेप्टर पीपी२सीलाच धरून ठेवतो. धरणाऱ्यालाच धरलं की एसएनआरके२ मोकळे सुटतात आणि एबीएफ नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेटचा शिक्का मारतात, मग ते एबीएफ डीएनएवर जीनच्या आधीच्या भागात जिथं ठराविक अक्षरं आहेत तिथं बसतं आणि नक्कल काढणं सुरू होतं. हा रिसेप्टर सापडायला २००९ उजाडलं, म्हणजे हार्मोन हाती आल्यावर चाळीसहून जास्त वर्षं तो कुणाचं दार ठोठावतो ते पक्कं माहीत नव्हतं. एबीएशिवायचा दुसरा रस्ता पण आहे, डीआरईबी नावाच्या प्रोटीन्सचा, तो जपानच्या शिनोझाकी दांपत्याने १९९० च्या दशकात उलगडला.

या साखळीच्या शेवटी जे जीन्स चालू होतात ते कामाचे गडी. प्रोलीन नावाचं अमिनो ॲसिड बनवणारा पी५सीएस, त्याने पेशीत विरघळलेलं द्रव्य वाढून पाणी धरून राहतं. आणि एलईए प्रोटीन्स, जी पेशीतली इतर प्रोटीन्स सुकताना एकमेकांना चिकटून खराब होऊ नयेत म्हणून मध्ये राहतात. ही एलईए पण पहिल्यांदा सापडली ती सरकीतच, १९८१ साली, बी पिकून सुकायला लागतं तेव्हाच्या टप्प्यात. म्हणजे पान ताणात जे करतं ते बी दरवर्षी न चुकता करतं, झाडाने बियाण्यासाठी ठेवलेलं हत्यार पानाच्या अडचणीतही काढलं. माझे वडील म्हणायचे, "पऱ्हाटीले जराशी तहान लागू द्या लागते, मंग मुया खाली जातेत." हलक्या ताणात शेंड्याची वाढ थांबते पण मुळाची चालू राहते, त्यात एबीएचा हात आहे हे मला त्यांच्या वाक्यानंतर पंधरा वर्षांनी शिकायला मिळालं.

उष्णतेचा रस्ता वेगळा आहे आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. १९६२ साली इटलीत फेरुच्चिओ रितोस्सा फळमाशीच्या लाळग्रंथीतली मोठी क्रोमोसोम्स पाहत होता, कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढवलं आणि त्याला क्रोमोसोमवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथं जोरात नकला निघतायत. तो शोध तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नाही. त्या जागांवरून बनणारी प्रोटीन्स १९७४ मध्ये दिसली आणि त्यांना हीट शॉक प्रोटीन नाव पडलं, आणि मग कळलं की ही माशीतच नाही तर बॅक्टेरिया, यीस्ट, माणूस, पऱ्हाटी सगळ्यांत आहेत.

यात थर्मामीटर कुठंय, ते बघ. एचएसपी७० आणि एचएसपी९० ही प्रोटीन्स इतर प्रोटीन्सची घडी नीट ठेवतात. काम नसतं तेव्हा ती एचएसएफ नावाच्या प्रोटीनला धरून बसतात, आणि एचएसएफचं काम म्हणजे हीट शॉक जीन्स चालू करणं. ऊन वाढलं, पेशीतली प्रोटीन्स उलगडायला लागली की एचएसपी तिकडं धावतात, एचएसएफ मोकळा होतो, तिघं तिघं मिळून डीएनएवर बसतात आणि आणखी एचएसपी बनवायला लावतात. पुरेशी झाली की ती पुन्हा एचएसएफला धरतात आणि जीन मंदावतो. किती बनवायचं हे सांगायला वरून कुणी लागत नाही, नुकसान किती झालं त्यावरच हिशोब ठरतो.

आणि हे लॅबपुरतं नाही. टेक्सासमध्ये शेतातल्या कपाशीवर १९८५ साली काम झालं, तिथं कोरडवाहू कपाशीच्या पानांचं तापमान दुपारी ४० अंश किंवा जास्त जात होतं आणि त्यांच्यात हीट शॉक प्रोटीन्स साठलेली सापडली, शेजारच्या ओलिताच्या कपाशीची पानं मात्र ३० च्या आसपास. हवा तीच, सूर्य तोच. फरक इतकाच की ओलिताचं झाड पाणी उडवून स्वतःला थंड ठेवत होतं. म्हणून प्रोजेक्टमध्ये "तापमान ४२ अंश" असं हवामान केंद्राचं लिहून भागणार नाही, पानाचं तापमान लिही. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त मिळतो.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो जो पुस्तकात अर्ध्या ओळीत संपतो आणि आपल्याकडे तोच मुख्य आहे. दुष्काळ आणि ऊन आपल्याकडे वेगवेगळे येत नाहीत. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि विहिरी आटलेल्या, किंवा ऑगस्टमध्ये पावसाने वीस दिवस दडी मारली की ऊन पण कडक. उष्णतेत झाडाला रंध्रं उघडून थंड व्हायचं असतं आणि दुष्काळात मिटून पाणी वाचवायचं असतं, दोन्ही एकदम करता येत नाही. अमेरिकेत रॉन मिटलर यांच्या गटाने २००२ आणि २००४ साली तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिसवर (मोहरीच्या कुळातलं लॅबमधलं छोटं रोपटं) दाखवलं की दोन्ही ताण एकत्र दिले की जो जीन्सचा संच हलतो तो दोन वेगवेगळ्या यादींची बेरीज नसतो, काही जीन्स फक्त एकत्र ताणातच हलतात. दुष्काळात प्रोलीन साठतं म्हणाले ना वर, अरॅबिडॉप्सिसमध्ये दोन्ही ताण एकत्र आले तेव्हा प्रोलीन साठलं नाही, त्याऐवजी साखर साठली. म्हणून कुंडीत फक्त पाणी तोडून निवडलेलं वाण शेतात नापास होतं तेव्हा मला नवल वाटत नाही.

जास्त पाणी पण ताणच. झाडीपट्टीत, भंडारा गोंदिया गडचिरोलीकडे वैनगंगेला पूर आला की बांध्या पाण्याखाली जातात आणि धान बुडतो. साधा धान बुडाला की घाबरून उंच वाढायला बघतो, साठवलेली साखर संपवतो आणि पाणी ओसरल्यावर आडवा होतो. ओडिशाच्या एका जुन्या वाणात, एफआर१३ए मध्ये, सब१ए नावाचा जीन आहे, तो २००६ मध्ये ओळखला गेला. बुडाल्यावर इथिलीन साठतो, त्या इथिलीनने सब१ए चालू होतो आणि वाढ थोपवून धरतो, रोप साखर राखून गप्प बसून राहतं आणि दोन आठवड्यांपर्यंत तग धरतं. हा जीन संकर करून स्वर्णा वाणात आणला, स्वर्णा सब१ म्हणून भारतात २००९ मध्ये आला. आता गंमत बघ, खोल पाण्यातल्या दुसऱ्या काही धानांत स्नॉर्केल नावाचे जीन्स आहेत, तेही इथिलीननेच चालू होतात, पण ते उलट भरभर उंच वाढवून शेंडा पाण्यावर काढतात. हार्मोन एक, जीन्स नात्यातले, आणि सल्ला एकदम विरुद्ध. पूर आठ दिवसांचा की चार महिन्यांचा त्यावर कोणता सल्ला बरोबर ते ठरतं.

पऱ्हाटीत यासारखंच आकस्मिक मर येते, तुमच्याकडं पण पाहिली असशील, लांब उघाड पडते न मग एकदम धो धो पाऊस किंवा पाटाचं पाणी, आणि हिरवीगार झाडं एका दिवसात मान टाकतात. हा रोग नाही, बुरशी शोधत बसू नये. मुळांना हवा मिळत नाही, मुळांत इथिलीनचा कच्चा माल बनून वर पानात येतो आणि तिथं इथिलीन होतो. म्हणून कोबाल्ट क्लोराईड १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम अशी फवारणी सांगतात, कोबाल्ट इथिलीन बनवण्याचा शेवटचा टप्पा अडवतो, पण ती पहिल्या दिवसा-दोन दिवसांत झाली तरच, आणि आधी पाणी वावराबाहेर काढलं पाहिजे. चार दिवसांनी फवारून काही होत नाही कारण तोवर पानं गळायचे जीन्स आपलं काम उरकून बसलेले असतात.

खारपाणपट्ट्याचं एका ओळीत सांगते, तिकडं सोडियम मुळात शिरला की कॅल्शियमचा इशारा होतो, एसओएस नावाच्या तीन जीन्सची साखळी हलते आणि शेवटचा पंप सोडियम पेशीबाहेर फेकतो. त्यावर वेगळा प्रश्न विचार.

मग तू विचारशील, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, की हे ताणाचे जीन्स कायम चालू ठेवले तर झाड कायम दणकट राहील ना? करून पाहिलंय. डीआरईबी१ए हा जीन अरॅबिडॉप्सिसमध्ये सतत चालू राहील असा बसवला, झाडं दुष्काळ, मीठ, थंडी सोसू लागली पण खुजी राहिली. मग १९९९ साली त्याच जपानी गटाने तो आरडी२९ए या जीनच्या प्रोमोटरखाली, म्हणजे जीनच्या आधीच्या चालू-बंदच्या बटणाखाली ठेवला, म्हणजे ताण आला तरच चालू होणार, आणि झाडं जवळपास नेहमीसारखी वाढली आणि ताणही सोसला. आपल्या हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत हीच जोडी भुईमुगात घालून काम झालं आहे. कायम ताणात ठेवलेलं झाड वाढत नाही, कारण वर म्हटलं तसं ताणाचे जीन्स चालू करताना वाढीचे मंद करावेच लागतात. मला वाटतं हा या पूर्ण विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, जीन कोणता यापेक्षा तो कधी चालू आणि कधी बंद हे जास्त महत्त्वाचं. बाटलीवर "स्ट्रेस जीन्स ॲक्टिव्ह करतं" असं लिहिलेलं औषध दुकानात कुणी दाखवलं तर हाच प्रश्न विचारायचा, कोणत्या अवस्थेत फवारायचं, किती दिवस परिणाम राहतो आणि न फवारलेल्या ओळीच्या तुलनेत उतारा किती आला. उत्तर नसेल तर पैसे ठेव खिशात.

बीटीचं पण इथंच सांगते कारण आपल्याकडं याबद्दल फार गोंधळ आहे. बीटी कपाशीतला अळी मारणारं प्रोटीन बनवणारा क्राय१एसी जीन फुलकोबीच्या मोझॅक विषाणूच्या ३५एस प्रोमोटरखाली आहे, तो कायम चालू असतो, अळी आली म्हणून वाढत नाही. पण कायम चालू म्हणजे कायम सारखा असं नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं की हे प्रोटीन पानांत सगळ्यात जास्त, बोंडाच्या सालीत आणि फुलातल्या अंडाशयात फार कमी, आणि झाडाचं वय वाढेल तसं कमी होत जातं. बोंडअळी नेमकी कुठं खाते ते तुला सांगायला नको. त्यात ताण आला, झाडाला नायट्रोजन कमी पडला, की एकूणच प्रोटीन बनणं मंदावतं न बीटीचंही. पण गुलाबी बोंडअळीचा सगळा दोष यावर टाकू नये, अळीनेच प्रतिकार मिळवला आहे, ते गुजरातमध्ये २०१० सालीच उघड झालं होतं, तो बदल अळीच्या डीएनएमधला खरा बदल आहे. झाडात ताणाने बदललं ते एक्सप्रेशन, अळीत निवड होऊन बदलला तो जीन. तुझ्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. आणि म्हणूनच फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच पऱ्हाटी पुढे राखणं, ठेवू नका असं सांगतात, म्हाताऱ्या झाडात बीटी कमी आणि अळीला पुढच्या पिढ्या वाढवायला पूर्ण हिवाळा.

झाडाला ताणाची आठवण राहते का, तर काही काळ राहते. २०१२ साली अरॅबिडॉप्सिसची रोपं वारंवार सुकवून न पाणी देऊन पाहिली तर काही जीन्स, जसा आरडी२९बी, दुसऱ्या तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त जोरात चालू झाले. मधल्या काळात, पाणी भरपूर असताना, त्या जीनच्या नकला खाली आल्या होत्या पण डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्यावरची खूण तशीच राहिली होती. डीएनएचं अक्षर एकही बदललं नाही. ही आठवण काही दिवसांची, पिढ्यान्‌पिढ्या जाते असं त्यावरून म्हणू नकोस, व्हायवाला अडकशील.

आता सॅम्पल. इथं मी तुला माझी चूक सांगते म्हणजे तू ती करणार नाहीस. पहिल्या वर्षी मी पाणी दिलेल्या तुरीची पानं सकाळी आठला तोडली आणि ताणातल्या प्लॉटवर पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. निकाल आला तेव्हा कितीतरी जीन्स ताणात वर दिसत होते आणि मी फार खूश होते, मग मार्गदर्शकांनी वेळ विचारली. झाडाचे कितीतरी जीन्स सकाळ, दुपार, रात्र यांच्या घड्याळावर वरखाली होतात, मी ताण मोजलाच नव्हता, मी दुपार मोजली होती. अख्खा हंगाम गेला. त्यामुळे सगळी पानं एकाच अर्ध्या तासात, एकाच वयाची, झाडाच्या एकाच बाजूची. आणि एका झाडाची तीन पानं म्हणजे तीन सॅम्पल होत नाहीत, तीन वेगळी झाडं पाहिजेत, जमलं तर पाच.

पान तोडलं की ते मेलं असं समजू नको, तोडणं हाच मोठा ताण आहे, मिनिटांत जखमेचे जीन्स उठतात. लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ अंशाचा, कॉलेजमधून मिळाला तर तोडल्या तोडल्या त्यात बुडव, पुढे उणे ८० ला. गावात नाही मिळाला तर आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात, पण संत्र्याचं पान जाड आणि मेणचट असतं, अख्खं टाकलं तर द्रावण आत शिरत नाही, बारीक तुकडे करून टाक. आणि मित्राच्या सांगण्यावरून ऐनवेळी कपाशी घेऊ नकोस, तिच्या पानातले पॉलिफेनॉल आरएनएसोबत येतात न सगळं तपकिरी होऊन बसतं, सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने, पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालून निघतं पण पहिल्याच प्रोजेक्टला हात बसायला वेळ लागतो. तुरीचा विचार करत असशील तर आपल्याकडच्या वावरांत दिसते त्या आशा वाणाचा, आयसीपीएल ८७११९ चा जिनोम २०१२ मध्येच प्रसिद्ध झालाय, ४८ हजारांवर जीन्सची यादी आहे, प्रायमर, म्हणजे हवा तो जीन हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवायला अडचण नाही. पण माझं मत विचारशील तर संत्राच घे.

हजारो जीन्सच्या मागे लागू नकोस. आरएनए सिक्वेन्सिंगचे पैसे कॉलेज देणार नाही आणि दिले तरी तो डेटा हाताळणं तुझ्या सहा महिन्यांत बसत नाही. आरटी-क्यूपीसीआर या नकला मोजायच्या पद्धतीवर चार जीन्स पुरेत: एफटी, लीफी, एपी१ आणि ताणाचा पुरावा म्हणून पी५सीएस. तुलनेला जो स्थिर जीन घेतात, ॲक्टिन वगैरे, तो तुझ्या ताणात खरंच स्थिर राहतो का ते आधी तपास, किमान दोन घे, कारण तोच हलला तर सगळे आकडे तिरपे होतात. सीटी (किती फेऱ्यांनंतर मशीनला नकला दिसल्या) आकड्यात १ चा फरक म्हणजे नकलांत साधारण दुप्पट, हे डोक्यात ठेव म्हणजे ०.३ च्या फरकावर पानभर चर्चा लिहिणार नाहीस. आणि प्रत्येक सॅम्पलसोबत पानातलं सापेक्ष पाणी मोज, ताजं वजन, पाण्यात भिजवून फुगलेलं वजन, वाळवलेलं वजन, एवढंच लागतं. झाडाला किती ताण बसला होता तेच माहीत नसेल तर जीनच्या आकड्याचा अर्थ कुणाला लावता येत नाही. नकला वाढल्या म्हणजे प्रोटीन तेवढंच वाढलं असंही लिहू नकोस, ते तू मोजलेलं नाहीस.

दिवस असे ठेव: पाणी तोडायच्या आदल्या सकाळी एकदा, मग ताणात दर दहा दिवसांनी, ताण तोडायच्या दिवशी पाणी सोडण्याआधी, आणि पाण्यानंतर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी. शेवटची तीन सॅम्पल सोडू नकोस, बहुतेक जण ताण संपला की सॅम्पल बंद करतात आणि लीफी, एपी१ तर तेव्हाच उठतात. त्याच ओळीतल्या पाच झाडांना पाणी चालूच ठेवावं लागेल, थंडी दोघांनाही सारखीच लागेल, फरक फक्त पाण्याचा राहील. त्या पाच झाडांना यंदा बहार कमी येईल हे बाबांना आधीच सांगून परवानगी घे, आणि ड्रिपच्या त्या नळ्यांवर लाल चिंध्या बांध, नाहीतर तू कॉलेजला असताना पाणी तोडणारा गडी सगळाच व्हॉल्व्ह बंद करेल.